सरकारचा पैसा म्हणजे कुणाचा पैसा?

टेंभुर्णीहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. हातातलं काम चालू राहू द्या, नुसता कान इकडे ठेवा. आजचा विषय हिशेबाचा आहे, पण हिशेब आपल्याला नवा नाही. गटाची वही तर आपणच लिहितो.

मागच्या बैठकीत आमच्यातल्या एकीनं सांगितलं, की ती लाडकी बहीणचे पैसे काढून किराणा घ्यायला गेली होती. शेजारी उभे असलेले एक गृहस्थ तिला ऐकू जाईल असं म्हणाले, "आम्ही टॅक्स भरायचा आणि यांनी बसून खायचं." ती काही बोलली नाही, पिशवी उचलून घरी आली. हे ऐकून आमच्यातल्या काहीजणी चिडल्या. काहीजणी मात्र म्हणाल्या, अगं खरंच आहे की, आपण कुठं टॅक्स भरतो? यावर पुष्कळ बोलणं झालं, आणि शेवटी ठरलं, की हे रेडिओवर नीट बोलायचं. कर कोण भरतं, तो जातो कुठं, आणि सरकारकडून आपल्याला येतं ते दान असतं की आपला वाटा.

त्या गृहस्थांच्या मनात जो टॅक्स होता तो आयकर, म्हणजे इन्कम टॅक्स. तो आपल्यापैकी फार थोड्या घरांतून जातो, हे कबूल करू. शेतीच्या उत्पन्नावर तो नाहीच. पण कर एवढाच नसतो. १ जुलै २०१७ पासून देशात जीएसटी आहे. तो विकत घेणारा देतो, दुकानदार फक्त गोळा करून सरकारकडे पाठवतो. साखर, चहा, गोडेतेल, घरचा गॅस, यांवर शंभराला पाच रुपये. सुटं धान्य, भाजी, मीठ यांवर नाही. सॅनिटरी पॅडवर आधी बारा टक्के होता, देशभरच्या बायांनी आवाज उठवला तेव्हा जुलै २०१८ मध्ये तो काढला.

मोबाइलच्या रिचार्जवर शंभराला अठरा. आता हिशेब करा. तुम्ही २९९ रुपयांचा रिचार्ज मारला, तर त्यातले ४५ रुपयांच्या वर सरकारचे. अर्धे दिल्लीला, अर्धे मुंबईला. अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज असेल तर वर्षाला तेरा वेळा मारावा लागतो. म्हणजे एका मोबाइलमागे वर्षाला ५९० रुपयांच्या वर कर गेला. घरात चार मोबाइल असतील, सासऱ्यांचा, नवऱ्याचा, पोराचा आणि तुमचा, तर २,३७० रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

यात अजून डिझेल-पेट्रोल धरलेलं नाही. ते जीएसटीत नाही, त्यावर केंद्राचा कर वेगळा आणि राज्याचा वेगळा. आपण गाडी चालवत नाही म्हणून तो सुटत नाही. कुर्डुवाडीला जायचं भाडं, बाजारात आलेली भाजी, ट्रॅक्टरची नांगरट, सगळ्यात तो मिसळलेला असतो. तेव्हा आपण कर भरत नाही असं म्हणणारी बाई आपल्या गावात तरी आम्हाला सापडलेली नाही. आपल्याला पावती मिळत नाही, एवढंच.

आता दुसरा प्रश्न. हा पैसा आपल्याकडे परत येतो तो कोणत्या नात्यानं? याचं सगळ्यात चांगलं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात, आपल्यासारख्याच दुष्काळी मुलखात घडलेलं आहे. थोडं मागं जाऊ या.

बाहत्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला अशा आजी अजून आपल्या गावागावांत आहेत. पाऊस आधीची दोन वर्षंही कमीच होता, १९७२ ला तर गेलाच. विहिरी आटल्या, जनावरं दावणीला मेली किंवा मिळेल त्या भावाला गेली. सोलापूर, नगर, बीड, उस्मानाबाद, सांगलीचा पूर्वभाग, सगळीकडे माणसं खडी फोडायला गेली. ज्या घरांतल्या बाया कधी उंबऱ्याबाहेर कामाला गेल्या नव्हत्या, त्याही डोक्यावर पदर घेऊन पाटी उचलायला लागल्या. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. कामावर सुकडी मिळायची. रेशनला तांबडी मिलो यायची, अमेरिकेतून आलेली. तिची भाकरी नीट थापली जात नसे, आणि तोंडाला चव तर नाहीच. आमच्या आजी अजून एखाद्या गोष्टीला नाव ठेवायचं झालं तर मिलोच म्हणतात.

ही सगळी मदत होती. सरकारनं मनावर घेतलं म्हणून काम निघालं, उद्या मनात नसतं तर निघालं नसतं. पाऊस पडला की काम बंद. आपल्या भागात पाऊस पडला तरी उन्हाळ्यात मजुराच्या हाताला काम नसतं, ही गोष्ट त्या मदतीत बसत नव्हती.

ती ज्यांच्या मनात बसली ते वि. स. पागे. विधान परिषदेचे ते सभापती होते, सांगली जिल्ह्यातले. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी दुष्काळाच्या आधीच, साठच्या दशकात, एक प्रयोग करून पाहिला होता. गावात जो कष्टाचं काम मागेल त्याला काम द्यायचं, आणि ते असं काम असावं की त्यातून गावाची जमीन, पाणी, रस्ता सुधारेल. हीच कल्पना त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे मांडली. त्यातून रोजगार हमी योजना आली. दुष्काळाच्या धामधुमीत ती मागं पडली, आणि दुष्काळ सरल्यावर खऱ्या अर्थानं उभी राहिली.

आता प्रश्न पैशाचा होता. मागेल त्याला काम, हे बोलायला सोपं. पण दरवर्षी, दर उन्हाळ्यात मजुरी द्यायची तर पैसा कुठून आणायचा? दिल्लीकडे हात पसरायचा नाही असं ठरलं. १९७५ साली विधिमंडळानं एक कर बसवला, व्यवसाय कर. मुंबईतला कारकून, पुण्यातला वकील, गिरणीतला कामगार, दुकानदार, डॉक्टर, यांच्याकडून तो घ्यायचा. घटनेनं अशा कराला तेव्हा वर्षाला अडीचशे रुपयांची मर्यादा घातली होती, १९८८ ला ती अडीच हजार झाली. शिवाय कालव्याचं पाणी मिळणाऱ्या बागायती जमिनीवर, मोटारगाड्यांवर, विक्रीकरात, शहरातल्या दुकान-कचेऱ्यांच्या इमारतींवर थोडा थोडा जादा भार टाकला. आणि या सगळ्यांतून जेवढा पैसा जमेल, तेवढाच राज्यानं आपल्या तिजोरीतून त्यात घालायचा. रोजगार हमीचा निधी तो हा.

आमच्या मते या गोष्टीचं महत्त्व शाळेत शिकवायला हवं. ज्याला नोकरी आहे, त्याच्या पगारातून, ज्याला काम नाही त्याच्या मजुरीची तजवीज. तीही कुणाच्या मेहेरबानीनं नाही, दर महिन्याला पगारपत्रकावर छापून. आपल्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या पोराची पगाराची चिठ्ठी बघा. त्यात व्यवसाय कर किंवा पी.टी. असं लिहिलेलं दिसेल, महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीला तीनशे. वर्षाचे अडीच हजार. मघाचा आकडा आठवतो ना? चार मोबाइलचे २,३७०. शहरातला पगारदार रोजगार हमीसाठी जेवढा व्यवसाय कर देतो, जवळजवळ तेवढा कर आपलं घर नुसत्या रिचार्जमधून देतं. (आणि हो, २०२३ च्या एप्रिलपासून ज्या बाईचा पगार महिना पंचवीस हजारांपर्यंत आहे तिला हा व्यवसाय कर माफ आहे. कापला जात असेल तर विचारा.)

शहरवाल्यांनी हे मान्य कसं केलं, असं आमच्या गटातल्या एका वहिनींनी विचारलं. सगळेच काही धर्मात्मे नव्हते. दुष्काळात माणसं मुंबईच्या फुटपाथवर येत होती, ती गावातच थांबली तर शहराला हवंच होतं. गावातल्या मोठ्या शेतकऱ्यालाही पाझर तलाव, नालाबांध, रस्ता फुकटात मिळत होता. प्रत्येकाचा थोडा स्वार्थ होता, आणि त्या स्वार्थांच्या बेरजेतून मजुराचं भलं झालं. आम्हाला यात वावगं काही वाटत नाही. भिशी तरी दुसरी काय असते?

१९७७ साली या योजनेचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. कायदा झाल्यानं काय बदललं ते नीट ऐका. ग्रामीण भागातल्या कोणत्याही प्रौढ माणसानं अंगमेहनतीचं काम मागितलं, तर सरकारनं ते पंधरा दिवसांत दिलंच पाहिजे. नाही दिलं तर बेकारी भत्ता. काम देणं ही सरकारची मर्जी राहिली नाही, जबाबदारी झाली. आणि बाईला, पुरुषाला एकच दर. खोदलेल्या मातीचं माप घ्यायचं आणि मापावर मजुरी. शेतात गड्याला एक रोज आणि बाईला त्याच्या निम्मा रोज, हे ज्या काळात कुणाला खटकतही नव्हतं, त्या काळात सरकारी कायद्यानं सारखा दर दिला. कामावर प्यायचं पाणी, सावली, लहान लेकरांना सांभाळायची सोय, याही गोष्टी त्यात होत्या. सगळीकडे मिळाल्या असं नाही, पण मागायला आधार होता. म्हणून तर तहसीलवर निघणाऱ्या मोर्चांत बाया पुढं असायच्या. कितीतरी कामांवर निम्म्याहून जास्त बायाच होत्या.

पुढं २००५ साली केंद्रानं देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला आणि खेड्यातल्या कुटुंबाला वर्षात शंभर दिवसांची हमी दिली, तेव्हा त्यामागं महाराष्ट्राचा तीस वर्षांचा अनुभव होता.

सगळं गोडच सांगायचं नाही. १९८८ साली मजुरीचा दर एकदम दुपटीच्या घरात गेला. मजुरांचा तो हक्कच होता. पण त्यानंतर कामंच कमी निघू लागली. कायद्यात मागेल त्याला काम होतं, प्रत्यक्षात यंत्रणा कामं काढेना, लांब काढी, मागणी अर्ज घेईना. करातून जमणारा पैसा आणि मजुरीवर होणारा खर्च यांत अंतर पडत गेलं. म्हणजे शहरातल्या माणसाचा पगार कापला जात होता, पण गावातल्या बाईच्या मस्टरवर नाव चढत नव्हतं. खोटी मस्टरं, कागदावरचे बंधारे, हेही झालं. १९९० पासून फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली. त्यातून आपल्या जिल्ह्यात सांगोल्याकडे डाळिंबं फुलली, चांगलंच झालं. पण बाग त्याची ज्याच्याकडे जमीन. बिनजमिनीच्या बाईला खड्डे खणायची मजुरी मिळाली, डाळिंब नाही. हे बोललं पाहिजे, नाहीतर पुढच्या योजनेतही तेच होतं.

आता थोडं दूर जाऊ. ज्या देशातून आपल्याला मिलो आली, तो श्रीमंत देश. तिथं गरिबी नसेल असं वाटतं. पण १९२९ नंतर तिथं मोठी मंदी आली, बँका बुडाल्या, लाखो माणसं बेकार झाली, आणि त्यातच तिथल्या सपाट मुलखात दुष्काळ पडून मातीची वादळं उठली. शेतकरी गाडीत संसार भरून बाहेर पडले, आपले ऊसतोडीला जातात तसे. तेव्हा त्यांच्याही सरकारनं रस्ते, शाळा, पूल बांधायची कामं काढली. १९३५ ते १९४३ या काळात सुमारे पंच्याऐंशी लाख माणसांना त्यावर काम मिळालं. आपल्या दुष्काळी कामांची ही थोरली बहीणच म्हणा.

त्याच १९३५ साली तिथं म्हातारपणच्या पेन्शनचा कायदा झाला. तो घडवण्यात पुढं होत्या फ्रान्सिस पर्किन्स. अमेरिकेच्या मंत्रिमंडळात बसलेल्या त्या पहिल्या बाई, खातं कामगारांचं. पेन्शनसाठी पैसा कामगाराच्या पगारातून कापायचा आणि तेवढाच मालकानं घालायचा. सुरुवातीला शंभराला एक डॉलर, आता सहाच्या वर. तिथले राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हा मार्ग मुद्दाम धरला होता. माणसाच्या पगारातून पैसा गेलेला असला की पेन्शन त्याचा हक्क होतो, मग पुढचं कोणतंही सरकार ती सहज बंद करू शकत नाही. झालंही तसंच. नव्वद वर्षांत कितीतरी सरकारं आली, कर कमी करा म्हणणारी आली, गरिबांच्या धान्याच्या मदतीला कात्री लावणारी आली, पण त्या पेन्शनला हात घालताना सगळे दहा वेळा विचार करतात. आपल्याकडच्या ज्या घरांतली मुलं तिकडे नोकरीला आहेत, त्यांच्याही पगारातून हा पैसा कापला जातो, आणि दहा वर्षं भरल्याशिवाय पेन्शनचा हक्क लागत नाही.

पण त्या कायद्यातून सुरुवातीला वगळलं कुणाला? शेतमजुरांना आणि घरकाम करणाऱ्या बायांना. त्यांत काळ्या लोकांचा भरणा मोठा होता. १९५० नंतर हळूहळू त्यांना आत घेतलं. कायदा करणारी बाई असूनही असं झालं, याचं आम्हाला फार वाईट वाटलं. दोन देशांत एवढं अंतर, पण रांगेत शेवटी उभं कोण, ते तिकडेही तेच.

आणि दुकानात त्या गृहस्थांनी जे म्हटलं, तेही तिथं रोज म्हटलं जातं. कष्ट आम्ही करायचे आणि मदत त्यांनी घ्यायची. गंमत अशी, की पेन्शन घेणारा तिथला म्हातारा स्वतःला मदत घेणारा समजत नाही. त्याला वाटतं, मी भरलंय. आपण मात्र भरूनही मान खाली घालतो.

आता लाडकी बहीणकडे येऊ. जून २०२४ मध्ये ती जाहीर झाली. एकवीस ते पासष्ट वयाच्या, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या बायांना महिना दीड हजार. आमच्यात यावर एकमत नाही, ते लपवत नाही. काहीजणी म्हणतात, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावावर पैसा आला, नवऱ्याला विचारावं न लागता मी चष्मा करून आणला. त्याची किंमत बाहेरून कळायची नाही. काहीजणी म्हणतात, यापेक्षा गावात बारमाही काम द्या, अंगणवाडीत नीट आहार द्या, दवाखान्यात डॉक्टर ठेवा. दोन्ही बोलणी खरी आहेत.

पण एका गोष्टीवर आमचं एकमत झालं. रोजगार हमीचा कायदा होता आणि त्यासाठी ठरलेला कर होता. लाडकी बहीण शासन निर्णयानं आली. ती कोणत्या करातून चालते, हे कुठं लिहिलेलं नाही, ती सगळ्या तिजोरीतून चालते. जे शासन निर्णयानं येतं, ते शासन निर्णयानं कमीही होतं, अटी बदलतात, नावं गळतात. कायद्यानं आलेलं काढायचं तर विधानसभेत उभं राहून सांगावं लागतं, की आम्ही हे काढतोय. म्हणून पैसे घ्या, बिनदिक्कत घ्या, पण हप्ता थांबला तर "सरकारनं दिलं, सरकारनं नेलं" असं म्हणून गप्प बसू नका. कारण लेखी विचारा. आणि मत मागायला येतील त्यांना विचारा, याचा कायदा कधी करता?

थोडं कामाचं सांगतो. काम मागायचं असेल तर तोंडी मागू नका. अर्ज लेखी द्या आणि तारीख घातलेली पावती घ्या. पंधरा दिवस त्या तारखेपासून मोजतात. पावती नसेल तर तुम्ही काम मागितलंच नव्हतं, असं होतं. एकटीनं गेलं तर उद्या या म्हणतात, दहाजणी गेलो की साहेब खुर्ची देतात, हा अनुभव आहे.

दुसरं, सगळा कर मुंबई-दिल्लीलाच जातो असं नाही. घरपट्टी, पाणीपट्टी आपण ग्रामपंचायतीला देतो. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. किती गावांत तो होतो? काही ठिकाणी शिलाई मशीन घेतल्याचं दाखवतात, ती मशीन कुणाच्या घरात आहे ते गावाला ठाऊक असतं. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. तिथं एकच प्रश्न विचारा. मागच्या वर्षी पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न किती, त्याचे दहा टक्के किती होतात, आणि ते कशावर गेले? उत्तर इतिवृत्तात लिहायला लावा आणि वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.

पुढच्या खेपेला आम्ही रेशनबद्दल बोलणार आहोत. तोवर एक करा. एका महिन्याच्या पावत्या जपून ठेवा, किराण्याच्या, रिचार्जच्या, गॅसच्या. ज्या दुकानात पावती देत नाहीत तिथं मागा. गटाच्या बैठकीत सगळ्याजणींनी मिळून त्यांवरचा कर मोजा आणि आकडा आम्हाला कळवा. टेंभुर्णीच्या एका गटाचा आकडा आम्ही काढला आहे, पण तुमचा आल्यावरच सांगू.